भुसावळच्या खोलीसाठी मदरबोर्ड: एका गेमिंग पीसीचं प्रकरण

२०२४ सालची दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. भुसावळहून भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, फक्त ओके म्हण, मी ऑर्डर टाकतो." बारावी झाली होती, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि ताई-भाऊजींनी गेमिंग पीसीसाठी नव्वद हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरात होते, म्हणजे सगळे पैसे कॅबिनेटच्या आतल्या सामानाला.

यादीतला प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६००, १८,००० रुपये. डीडीआर५ रॅम ३२ जीबी, १०,०००. फायली साठवायला एक टीबीचा एनव्हीएमई एसएसडी ६,०००, सगळ्यांना वीज देणारा साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस ५,५००, कॅबिनेट ५,०००. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पुढे होता मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर हे सगळं जोडलं जातं तो बोर्ड, एक्स६७०ई चिपसेटचा, ३१,००० रुपये. चिपसेट म्हणजे बोर्डावर काय काय आणि किती वेगाने जोडता येईल हे ठरवणारी चिप. आणि शेवटच्या ओळीत, गेमचं चित्र तयार करणारं, उरलेल्या पैशांत बसेल असं ग्राफिक्स कार्ड: जीटीएक्स १६५०, १२,००० रुपये.

मी ओके म्हटलं नाही. फोन केला.

त्याचं म्हणणं त्याच्या परीने खरं होतं. "मदरबोर्ड म्हणजे पाया, मामा. पाया भक्कम असला की वर काहीही चढवता येतं." हे त्याने अनेक व्हिडिओंमध्ये ऐकलं होतं. पाया हा शब्दच असा आहे की त्यावर कितीही खर्च केला तरी रास्त वाटतो. मी त्याला घराच्या वायरिंगचं उदाहरण दिलं. एसी लावायचा तर जाड तार हवीच, बारीक तार तापेल. पण पंखा आणि ट्यूबलाइटसाठी जाड तार ओढली म्हणून पंखा जोरात फिरत नाही. मदरबोर्डचं तसंच आहे. जे जोडायचं आहे त्याला पुरेल असा हवा. त्याच्या वर घातलेला पैसा गेममध्ये दिसत नाही.

जीटीएक्स १६५० हे २०१९ चं कार्ड, ४ जीबी मेमरीचं. बोर्ड साडेचौदा हजारांचा, बी६५० चिपसेटचा, घेतला तर त्याच नव्वद हजारांत २८,५०० रुपये ग्राफिक्स कार्डाला उरतात आणि तेव्हा त्या पैशांत ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० येत होतं. दोन्ही याद्यांची बेरीज सारखीच, ८७,५००. एका यादीत सोळा-साडेसोळा हजार रुपये बोर्डावरच्या धातूच्या आवरणात, दिव्यांत आणि कधीच न वापरल्या जाणाऱ्या स्लॉटमध्ये जातात. दुसऱ्या यादीत तेच पैसे पडद्यावर दिसतात.

एक्स६७०ईची मोठी जाहिरात असते ती पीसीआय एक्सप्रेस ५.० ची. पीसीआय एक्सप्रेस म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता, आकडा मोठा तितका वेग जास्त. ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट आणि एसएसडीचा स्लॉट, दोन्ही नव्या वेगाचे. आता आरटीएक्स ४०६० काय मागतं ते बघा. हे कार्ड पीसीआय एक्सप्रेस ४.० चं आहे आणि त्या रस्त्याच्या सोळा लेनपैकी फक्त आठ वापरतं. बी६५० चिपसेटच्या बोर्डावर त्याला हवं ते सगळं मिळतं. एक्स६७०ईवरही ते तेवढंच घेणार. हे सांगितल्यावर भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग लोक ते बोर्ड घेतात कशाला?" ज्यांना चार-चार एसएसडी लावायचे असतात, सोळा कोअरचा प्रोसेसर तासन् तास पूर्ण ताकदीने चालवायचा असतो, व्हिडिओ एडिटिंगवर पोट असतं, त्यांच्यासाठी ते बोर्ड आहेत, आणि त्यांना ती किंमत परवडते. तुला त्यातलं काही करायचं नाही.

उलट्या टोकाचं कोटेशन भाऊजींनी आणलं होतं, गावातल्या एका दुकानातून. त्यात लिहिलं होतं: "५६०० + ए५२० कॉम्बो", आणि खाली तेच आरटीएक्स ४०६०. एकूण रक्कम बरीच कमी. भाऊजींना ते पटलं होतं, आणि का पटू नये? रायझन ५ ५६०० हा चांगला प्रोसेसर आहे. अडचण त्या "ए५२०" या चार अक्षरांत होती. या चिपसेटचा ग्राफिक्स स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० चा असतो. सोळा लेनचं कार्ड असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण ४०६० आठच लेन घेतं, म्हणजे वेगही अर्धा आणि लेनही अर्ध्या. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की त्याला मुख्य रॅमकडे धाव घ्यावी लागते, आणि नेमकी तेव्हा ती अरुंद वाट नडते. गेम मधेच अडखळतो. कॉम्बोच्या कोटेशनमध्ये चिपसेटचं नाव कितीही बारीक लिहिलेलं असलं तरी आधी तेच वाचावं.

पण त्याच सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेवर), एएम४ वर, बी५५० चा बोर्ड घेतला तर ही अडचण राहत नाही, कारण त्याचा ग्राफिक्स स्लॉट ४.० चा असतो. आणि इथे मी खरोखर दोन दिवस अडकलो होतो. बी५५०, ५६०० आणि डीडीआर४ रॅम असा संच आमच्या यादीपेक्षा पंधरा हजारांच्या आसपास स्वस्त पडत होता. ते पैसे ग्राफिक्स कार्डात घातले असते तर आणखी वरच्या पायरीचं कार्ड आलं असतं. पहिल्या दिवशीच्या खेळात तो संच जिंकला असता, हे मी ताईलाही सांगितलं.

मग आम्ही एएम५ कडे, म्हणजे ७६०० च्या नव्या सॉकेटकडे, का गेलो? कारण मी ताईला एकच प्रश्न विचारला: चार वर्षांनी, तो इंजिनिअर झाल्यावर, पुन्हा नव्वद हजार काढणार का? ती म्हणाली, "एकदम नाही. दरवर्षी थोडे थोडे जमतील." या उत्तराने निकाल लागला. एएम४ हे २०१६-१७ चं सॉकेट आणि त्याच्यासाठी नवी पिढी येणार नव्हती. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, त्यावर ७००० ची मालिका आली, ऑगस्ट २०२४ मध्ये ९००० ची आली आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही या सॉकेटला आधार देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षी फक्त प्रोसेसर बदलायचा. बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट तसंच राहील. थोड्या थोड्या पैशांनी वाढवायच्या घरात सॉकेटचं उरलेलं आयुष्य हे पैशासारखंच मोजावं लागतं. ज्याला पाच वर्षं डबा उघडायचाच नाही, त्याने मात्र बी५५० कडे जायला काहीच हरकत नव्हती. मी स्वतः त्याला तेच सुचवलं असतं.

इंटेलचा विचार लवकर संपला. बी७६० बोर्ड चांगले मिळत होते, पण एलजीए १७०० सॉकेटचा प्रवास चौदाव्या पिढीवर थांबला होता आणि त्याच महिन्यात एलजीए १८५१ हे नवं सॉकेट बाजारात आलं. शिवाय बी७६० मध्ये एकाच नावाचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन-दोन बोर्ड असतात. रॅमची खाच वेगळी असल्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही, आणि बाहेरगावी नेलेलं सामान बदलायला परत येणं आम्हाला जमणारं नव्हतं.

आता एएम५ मधले बोर्ड. सर्वांत स्वस्त ए६२०, त्यावर बी६५०. ए६२० मुळात ६५ वॅटच्या प्रोसेसरांसाठी बेतलेला. आजचा ७६०० त्यावर व्यवस्थित चालेल, पण आम्ही सॉकेटचे पैसे मोजत होतो ते उद्याच्या मोठ्या प्रोसेसरसाठी, मग त्यालाच आखूड पडेल असा बोर्ड का घ्यायचा? म्हणून बी६५०. पण बी६५० हे चिपसेटचं नाव आहे, दर्जाचं नाही. त्या एका नावाखाली तेव्हा अकरा हजारांचा बोर्डही मिळत होता आणि पंचवीस हजारांचाही. दोघांत फरक असतो तो मुख्यतः व्हीआरएमचा, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचा, आणि भुसावळसाठी मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच होती.

एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात साधारण एक-सव्वा व्होल्ट. हे उतरवायचं काम सॉकेटच्या कडेला ओळीने बसवलेल्या मॉस्फेट नावाच्या चिपा आणि कॉइल करतात. त्या मंडळाला व्हीआरएम म्हणतात. ७६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत घेऊ शकतो. ८८ वॅट आणि १.१ व्होल्ट म्हणजे ८० अँपिअर. घरातला दोन हजार वॅटचा गीझरसुद्धा नऊ अँपिअरच्या आत असतो. एवढा प्रवाह बोटाच्या नखापेक्षाही लहान चिपांमधून वाटून जातो आणि त्यातले काही वॅट तिथेच उष्णता होऊन राहतात. वरच्या प्रोसेसरांना तर १४२ किंवा २३० वॅटची मुभा असते. व्हीआरएम फार तापलं की बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय.

मुंबई-पुण्याच्या खोलीत बसून केलेल्या चाचण्यांत हा फरक फारसा दिसत नाही. पण भाच्याची खोली गच्चीला लागून, वर स्लॅब, एसी नाही. भुसावळचा मे महिना ज्याने काढलाय त्याला पारा पंचेचाळिसाला टेकतो म्हणजे काय हे सांगायला नको. त्या खोलीत हवाच चाळिसाच्या घरात असेल तर बोर्डाला सुरुवातच तिथून करावी लागते. म्हणून माझी अट ठरली: सॉकेटच्या डावीकडे आणि वर, दोन्ही बाजूंच्या मॉस्फेटवर स्क्रूने आवळलेली हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची आवरणं, पाहिजेत. अकरा-बारा हजारांच्या बोर्डांवर बहुतेक एकच बाजू झाकलेली होती, किंवा दोन्ही उघड्या.

वायफायचा बोर्ड दोन हजारांनी महाग होता. राउटर खालच्या मजल्यावर, मध्ये दोन भिंती आणि एक स्लॅब. वायफाय घेऊनही व्हॅलोरंट या ऑनलाइन गेममध्ये पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, उड्या मारत राहिला असता. त्यापेक्षा इंटरनेटची वीस मीटर कॅट ६ वायर जिन्याच्या कडेने पट्टीत घालून वर नेली, खर्च सहा-सातशे.

बोर्डाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सहा महिन्यांत ते मॉडेल जातं आणि दुसरं येतं. आमचा बोर्ड मायक्रो एटीएक्स होता, २४४ मिलिमीटरचा चौरस, १४,५०० रुपये. दोन्ही बाजूंना हीटसिंक, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट, अडीच गिगाबिटचं लॅन, मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण (बायॉस म्हणजे बोर्डाचा मूळ प्रोग्राम; या बटणाने तो पेनड्राइव्हवरून बदलता येतो), आणि कोपऱ्यात चार छोटे दिवे: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. हे शेवटचे चार दिवे जाहिरातीत कुणी सांगत नाही. माझ्या लेखी ते हजार रुपयांचे आहेत, आणि पुढे ते कसे वसूल झाले ते येईलच.

खरेदीला भाचा रात्रीच्या गाडीने मुंबईला आला. शनिवारी सकाळी आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. घरून निघतानाच त्याला सांगितलं होतं की बोर्डाचा खोका काउंटरवरच उघडायचा. एएम४ पर्यंत पिना प्रोसेसरला असत. एएम५ मध्ये त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये गेल्या, १७१८ बारीक स्प्रिंगसारखे संपर्क, आणि त्यातला एक वाकला तरी रॅमचा एखादा स्लॉट बंद पडू शकतो. घरी गेल्यावर वाकलेली पिन दिसली तर ती दुकानाने वाकवली की आपण, हे सिद्ध करता येत नाही.

पहिल्या दुकानात खोक्याचं सील आधीच कापलेलं होतं. "डेमोसाठी उघडलं होतं," असं उत्तर मिळालं. मी सॉकेटवरचं काळं झाकण काढलं आणि मोबाइलचा टॉर्च आडवा, जवळजवळ बोर्डाला टेकवून धरला. सरळ वरून प्रकाश टाकला तर सगळंच चमकतं आणि काही कळत नाही. आडव्या प्रकाशात पिनांच्या ओळी नांगरलेल्या शेतासारख्या एका दिशेने दिसतात, आणि जिथे ओळ मोडते तिथे नजर आपोआप थांबते. खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन पिना शेजारच्या ओळीवर कललेल्या होत्या. भाच्यानेच त्या आधी पाहिल्या. दुकानदाराने वाद घातला नाही, पण दुसरा नगही त्याच्याकडे नव्हता. आम्ही निघालो.

दुसऱ्या दुकानात सीलबंद खोका मिळाला, पिना सरळ होत्या. तिथल्या माणसाने स्वतःहून सांगितलं की हे झाकण टाकू नका, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लावलेलं नसेल तर नग परत येतो. जीएसटीच्या बिलावर त्याने बोर्डाचा सिरियल नंबर हाताने लिहून दिला. असा माणूस भेटला की पाच-सातशे रुपये इकडे-तिकडे झाले तरी मी तिथूनच घेतो.

असेंबल माझ्या घरी केलं. ७६०० सोबत कंपनीचा छोटा कूलर मिळतो. तो बसवण्याआधी सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे कंस काढावे लागतात, हे भाच्याला माहीत नव्हतं आणि तो पंधरा मिनिटं क्लिप शोधत होता. रॅमच्या दोन पट्ट्या सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एसएसडी वरच्या एम.२ मध्ये, कारण खालचा ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली येऊन तापतो. कॅबिनेटला तीन पंखे होते आणि बोर्डावर त्यांच्यासाठी जागा दोनच. हे आधी मोजायला मी विसरलो होतो. रविवारी दुकानं बंद, तिसरा पंखा भुसावळला स्प्लिटर आणून जोडला.

मग बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. डीरॅमचा दिवा पिवळा पेटून राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. भाच्याचा चेहरा पडला, त्याने मागचं स्विच बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याचा हात स्विचकडे गेला तेव्हा मी तो धरला. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिच्याशी वेळा जुळवत बसतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि एएम५ वर पहिल्या खेपेला त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. मधेच वीज तोडली की ते पुन्हा पहिल्यापासून. चार दिवे नसते तर आम्ही रॅम खराब समजून पुन्हा लॅमिंग्टन रोड गाठला असता. इथे डीरॅमच्या दिव्यावरून कळत होतं की बोर्ड कुठे थांबलाय. आम्ही चहा केला. परत आलो तेव्हा बायॉसचा पडदा समोर होता.

त्यात रॅम ४८०० वर चालत होती, पट्टीवर लिहिलेलं ६००० होतं. एक्स्पो हे रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं प्रोफाइल चालू केल्याशिवाय ती तशीच राहते. कितीतरी लोकांच्या घरी वर्षानुवर्षं राहते. पण त्याआधी मी बायॉस अपडेट करून घेतलं. २०२३ च्या उन्हाळ्यात एएम५ च्या काही बोर्डांवर एक्स्पो लावल्यावर प्रोसेसरच्या एसओसी नावाच्या भागाचा व्होल्टेज जास्त जाऊन प्रोसेसर जळल्याची प्रकरणं झाली होती, त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. दुकानात पडून असलेल्या बोर्डात कुठलं बायॉस असेल याचा भरवसा नसतो. सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोयही तेव्हाच चालू केली, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंट तिच्याशिवाय आणि टीपीएम २.० या दुसऱ्या सुरक्षा सोयीशिवाय सुरू होत नाही.

गाडीने परत नेताना ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात घातलं. बाकी सगळं कॅबिनेटमध्येच ठेवलं. कार्ड लावलेलं ठेवून प्रवास केला तर प्रत्येक धक्क्याला त्याचं वजन एका स्लॉटवर येतं.

भुसावळला पोचल्यावर पहिल्याच दिवशी ताईचा फोन आला, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. बोर्डाचा दोष नव्हता, त्या खोलीतल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. इलेक्ट्रिशियन बोलावून ते आधी करून घेतलं.

२०२५ च्या मेमध्ये मी चार दिवस तिथे होतो. दुपारी खोलीतलं थर्मामीटर ३९ दाखवत होतं. दोन तास खेळल्यावर व्हीआरएमचं तापमान ७० च्या आसपास स्थिर राहिलं, वेग कुठेही पडला नाही. उघड्या मॉस्फेटच्या बोर्डावर काय झालं असतं हे मी मोजलेलं नाही, पण त्या खोलीत तो प्रयोग करायची माझी तयारीही नव्हती.

एका बाबतीत माझा हिशेब चुकला. बोर्डाला रॅमचे चार स्लॉट आहेत म्हणून मी त्याचं कौतुक केलं होतं: पुढे आणखी दोन पट्ट्या टाकता येतील. पण चार पट्ट्या लावल्या की या मालिकेत एएमडीचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. म्हणजे गेमिंगच्या संचाला त्या दोन जादा स्लॉटचा उपयोग नाहीच, आणि दोन स्लॉटचा पण चांगल्या व्हीआरएमचा बोर्ड मिळाला असता तर तोही तेवढाच बरा होता. सुदैवाने ३२ जीबी आम्ही एकदमच घेतली होती. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले.

सॉकेटचं काळं झाकण, बिल आणि बायॉस फ्लॅशबॅकसाठी फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला एक पेनड्राइव्ह ताईच्या कपाटात, औषधांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात आहे. दुकानातलं बिल थर्मल कागदावरचं होतं, त्याची शाई उडते, म्हणून त्याची झेरॉक्सही त्याच डब्यात घडी करून ठेवली आहे.